इवान देमिदोव: ज्युनिअरमधला राजा, मोठ्या संघात तेरावा गडी

हिमखंड

क्रिकेटच्या धाग्यांच्या गर्दीत बर्फावरच्या हॉकीचा धागा काढतोय, म्हणजे प्रतिसाद किती येणार हे दिसतंच आहे. तरी काढतोय, कारण या पोराचा प्रवास मी ज्युनिअरपासून बघत आलोय आणि त्यावर कोणाशी तरी भांडायची फार इच्छा आहे.

इवान देमिदोव. जन्म 10 डिसेंबर 2005, गाव सेर्गियेव पोसाद. मॉस्कोपासून सत्तरेक किलोमीटरवरचं हे गाव मठासाठी आणि मात्र्योश्का बाहुल्यांसाठी प्रसिद्ध. पोरगा वाढला मात्र सेंट पीटर्सबर्गच्या एसकेए क्लबच्या छत्राखाली. ज्यांना ही उतरंड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सगळ्यात वर केएचएल, 2008 मध्ये सुरू झालेली मोठ्यांची लीग. तिच्याखाली व्हीएचएल. आणि 16 ते 20 वयाच्या पोरांसाठी एमएचएल, ही 2009 ची. मोठ्या क्लबचे तिन्ही पायऱ्यांवर संघ असतात. एसकेएचे अनुक्रमे एसकेए, एसकेए-नेवा आणि एसकेए-1946.

2023-24 च्या मोसमात देमिदोव एसकेए-1946 कडून 30 सामने खेळला आणि 60 गुण काढले. 23 गोल, 37 असिस्ट. प्लेऑफमध्ये 17 सामन्यांत आणखी 28. ज्युनिअरमध्ये त्याला शिकण्यासारखं काही उरलंच नव्हतं. बचावपटू समोर आला की हा दोन्ही टाचा एकमेकींकडे वळवून बर्फावर आडवा सरकत राहतो, पक (रबराची चकती) काठीवर झोपल्यासारखा शांत, आणि समोरच्याला कळतच नाही की हा आत वळणार की बाहेर. समोरचा वजन एका पायावर टाकतो आणि त्याच क्षणी गडी दुसऱ्या बाजूने पसार.

पुढच्या वर्षी, 2024-25 ला, तो एसकेएच्या मोठ्या संघात गेला. तिथे प्रशिक्षक रोमान रोटेनबर्ग. हे गृहस्थ क्लबचे उपाध्यक्षही होते, म्हणजे तक्रार करायची तर कोणाकडे? बर्फावर चार तुकड्या आळीपाळीने उतरतात, प्रत्येक तुकडीत तीन फॉरवर्ड, असे बारा. देमिदोवचं नाव कित्येकदा तेराव्या जागी. संघ जिंकत असो वा हरत असो, पोरगा बाकाच्या टोकाला बसून दार उघडायचं काम करतोय आणि मधूनच एखादी शिफ्ट मिळतेय, हे मी बघितलंय. आणि तरीसुद्धा मोसम संपला तेव्हा 65 सामन्यांत 49 गुण. विसाच्या आतल्या खेळाडूसाठी केएचएलच्या इतिहासात एका मोसमातले सर्वाधिक.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. रशियन पद्धत सतराव्या वर्षापर्यंत पोराचे हात आणि पाय असे घडवते की जगात तोड नाही. मग सतरा ते एकोणीस या ऐन वर्षांत त्याला बसवून ठेवते. देमिदोव निभावला. जे निभावले नाहीत त्यांची नावं आपल्याला माहीतच होत नाहीत.

पेठकर_काका

लेख झकास. पण आमच्यासारख्या अडाण्यांसाठी सांगा, हे असिस्ट प्रकरण काय आहे? गोल एकाने मारला तर गुण किती जणांना?

हिमखंड

काका, गोल मारणाऱ्याला एक. त्याच्याआधी ज्या दोघांनी पक पुढे दिला त्यांनाही प्रत्येकी एक. म्हणजे एका गोलावर जास्तीत जास्त तिघांना गुण. शिफ्ट म्हणजे एका वेळी बर्फावर काढायचा काळ, साधारण पाऊण मिनिट. त्याहून जास्त कोणाचाच दम टिकत नाही.

पर्मची_डॉक्टरीण

एमबीबीएसला रशियात होते, पर्मला. खेळातलं मला ओ की ठो कळत नाही, पण ही पोरं येतात कुठून ते रोज बघायचे.

तिथे इमारतींच्या मधल्या अंगणात लाकडी फळ्यांनी चौकोन बांधलेला असतो, त्याला कोरोब्का म्हणतात. हिवाळा लागला की एक माणूस रात्री जाडजूड नळी घेऊन यायचा आणि पाणी मारायचा. एक थर गोठला की दुसरा. सकाळी आरसा तयार. पण रात्रीतून बर्फ पडायचाच, त्यामुळे जो आधी येईल त्याने फावड्याने सगळं साफ करायचं असा अलिखित नियम. सात-आठ वर्षांची पोरं शाळेच्या आधी अंधारात फावडी ओढत असायची, आणि कडेला एखादी आजी थर्मास घेऊन उभी. आम्ही होस्टेलच्या खिडकीतून बघत चहा प्यायचो आणि बाहेर पडायच्या विचारानेच गारठायचो.

माझ्या घरमालकिणीचा नातू क्लबच्या शाळेत जायचा. तिथे सराव फुकट, पण बाकी सगळं खिशातून. बूट, काठ्या (वाढीच्या वयात दोन्ही सारखे बदलावे लागतात), आणि वर 'पोदकात्का'. म्हणजे खासगी प्रशिक्षकाकडे बर्फावरची शिकवणी. आठवड्यातून दोनदा-तीनदा, आणि ती केली नाही तर पोरगं मागे पडतं अशी आयांची ठाम समजूत. त्या बाईंचा निम्मा पगार त्यात जायचा. हिमखंड म्हणतात ते हात-पाय 'पद्धत' घडवते, की कर्ज काढणारे आईबाप घडवतात?

हिमखंड

ताई, फार चांगला मुद्दा. दोन्ही. कडेवर वळणं घेणं, पायांचं स्वतंत्र काम, हे सगळं पोदकात्कामध्येच घोटून घेतलं जातं. क्लबच्या सरावात तीस पोरं एका बर्फावर, तिथे एकेकाच्या पायाकडे कोण बघणार?

मॉन्ट्रियलकर

वा! मराठीत हा विषय वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं. मी बरीच वर्षं इथेच आहे, त्यामुळे दुसरी बाजू सांगतो.

एनएचएल म्हणजे उत्तर अमेरिकेतली मोठी लीग, आणि ड्राफ्ट म्हणजे तिचे संघ आळीपाळीने तरुण खेळाडू निवडतात तो कार्यक्रम. 2023 च्या ड्राफ्टमध्ये मॉन्ट्रियलकडे पाचवा क्रमांक होता आणि मात्वेई मिच्कोव हा रशियन पोरगा उपलब्ध होता. त्याचा एसकेएशी करार मात्र 2025-26 पर्यंत. आमच्या लोकांनी त्याला सोडून डेव्हिड राइनबाखर हा ऑस्ट्रियन बचावपटू घेतला. इथे जो काही शिमगा झाला! त्या बिचाऱ्या पोराला समाजमाध्यमांवर इतकं वाईट बोलले लोक की लाज वाटावी. मिच्कोव सातव्या क्रमांकावर फिलाडेल्फियाला गेला.

पुढच्या वर्षी लास वेगासच्या स्फिअरमध्ये ड्राफ्ट. पुन्हा आमचा पाचवा क्रमांक. अनेकांच्या यादीत देमिदोव दुसरा होता, तो पाचपर्यंत घसरेल असं कोणाला वाटलंच नव्हतं. अनाहाइमने तिसऱ्या क्रमांकावर बेकेट सेनेकेला उचलून सगळ्यांना चकित केलं, कोलंबसने केडन लिंडस्ट्रमला घेतलं, आणि दार उघडलं. नाव पुकारायला मंचावर कोण? सेलीन डिऑन! क्वेबेकमध्ये याहून मोठा सत्कार नसतो.

मग एप्रिल 2025. एसकेए पहिल्याच फेरीत दिनामो मॉस्कोकडून हरून बाहेर, क्लबने त्याला लवकर मोकळं केलं, आणि 14 एप्रिलला तो बेल सेंटरमध्ये शिकागोविरुद्ध उतरला. पहिल्याच सत्रात एक असिस्ट आणि एक गोल. सामना आम्ही शूटआउटवर हरलो, पण त्या रात्री इथे कोणाला त्याचं काही नव्हतं. बारमध्ये माझ्या शेजारचे सत्तरीचे गृहस्थ मला फ्रेंचमध्ये सांगत होते की 1972 साली याच शहरात, फोरमवर, खार्लामोवने कॅनडाला दोन गोल मारले तेव्हा ते प्रेक्षकांत होते. सोव्हिएत संघ 7-3 जिंकला होता. 'तेव्हा आम्ही त्या रशियनाचा राग केला होता, आता एक आमचा झाला,' म्हणाले.

अवांतर: एमएचएलचा चषक त्याच खार्लामोवच्या नावाने आहे.

आकडेमोड

विक्रमाचं कौतुक चाललंय म्हणून जरा पाणी ओततो. गरम नाही, थंडच.

देमिदोव: 65 सामने, 49 गुण. सामन्यामागे 0.75.
किरिल काप्रिझोव, 2016-17, सलावत युलायेव: 49 सामने, 42 गुण. 0.86.
मिच्कोव, 2023-24, सोची: 47 सामने, 41 गुण. 0.87.

म्हणजे ज्याला विक्रम म्हणताय तो जास्त सामने खेळल्याचा विक्रम आहे. सरासरीत तो या तिघांत तिसरा.

हिमखंड

आकडे बरोबर, निष्कर्ष अर्धा. सामना हे माप इथे चालतच नाही. सोचीत मिच्कोव पहिल्या तुकडीत, पॉवर प्लेवर (समोरचा गडी शिक्षेने बाहेर असताना) पहिला, सामन्याचा केवढा तरी भाग बर्फावर. देमिदोव तेरावा. मिनिटामागे गुण काढून बघा आणि मग बोलू.

आकडेमोड

मिनिटामागे काढले तर तो वर जाईल, मान्य. पण कमी मिनिटं मिळणाऱ्याला प्रशिक्षक सोप्या वेळी उतरवतो, समोर थकलेली चौथी तुकडी असते. तेही धरा.

बाकी एक गंमत कोणी लिहिली नाही. मिच्कोवचा जन्म 9 डिसेंबर 2004, देमिदोवचा 10 डिसेंबर 2005. रशियात पोरांचे संघ जन्मसालावर ठरतात, 'आमचा 2005 चा संघ' असंच बोलतात. म्हणजे डिसेंबरचं पोरगं लहानपणापासून स्वतःहून अकरा महिने मोठ्या मुलांशी टक्कर घेत वाढतं. जानेवारीचा धटिंगण अंगाने पुढे जातो, डिसेंबरवाल्याला युक्तीच शोधावी लागते. बहुतेक डिसेंबरवाले गळतात, जे टिकतात ते चलाख असतात. उलट एनएचएलच्या ड्राफ्टची रेषा 15 सप्टेंबर. त्यामुळे तिथे हेच दोघं आपापल्या ड्राफ्टमध्ये वयाने मोठ्यांत मोडले आणि निवडीआधी ज्युनिअरचं एक जास्तीचं वर्ष मिळालं. देमिदोवचे 30 सामन्यांत 60 गुण वाचताना त्याने त्याच मोसमात 18 पूर्ण केली हे लक्षात ठेवा.

दादरचा_दांडू

एक बाळबोध शंका. सचिन पंधराव्या वर्षी रणजी खेळला आणि पहिल्याच सामन्यात शतक ठोकलं. त्याला कोणी 'आधी तेरावा बस' म्हटलं नाही. हुशार पोरगं असेल तर खेळवा की! यात एवढं शास्त्र काय?

आकडेमोड

दांडूभाऊ, फलंदाजाला एकदा अकरात घेतलं की तो बाद होईपर्यंत खेळतो, कर्णधार त्याला मधेच उठवू शकत नाही. इथे प्रशिक्षक दर पाऊण मिनिटाला ठरवतो कोण उतरणार. संघात घेऊनही न खेळवण्याची सोय या खेळात आहे, हीच सगळी मेख.

मॉन्ट्रियलकर

आणि चुकीची किंमतही वेगळी. निळ्या रेषेवर पक गमावला की समोरचे दोघं थेट गोलकीपरवर. अठराव्या वर्षीचं पोरगं हमखास तिथेच कलाकुसर करायला जातं. रोटेनबर्गची बाजू घेत नाहीये, पण मिच्कोवला फिलाडेल्फियात प्रशिक्षक जॉन टोर्टोरेला यांनीही बाकावर बसवलंच होतं की! तरी पहिल्या मोसमात 26 गोल, 63 गुण.

हिमखंड

टोर्टोरेलांनी चूक झाली म्हणून बसवलं आणि लवकरच पुन्हा खेळवलं. 80 सामने खेळला पोरगा. देमिदोवचं तसं नव्हतं. त्याचा करार मे 2025 ला संपणार आणि तो मॉन्ट्रियलला जाणार हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मग क्लबने विचार काय करायचा? जो वर्षभरात जाणार त्याच्यावर मिनिटं कशाला खर्चायची, त्यापेक्षा जो राहणार त्याला घडवू. व्यवहार म्हणून हे चूकही नाही. पण मग 'आम्ही त्याला बचाव शिकवतोय' हा आव आणू नका.

केएचएल आणि एनएचएल या दोन लीगांमध्ये खेळाडूंच्या बदल्यात पैसे देण्याचा करार नाही. सॉकरमध्ये पोरगं विकलं की क्लबला रग्गड पैसा मिळतो, इथे काही नाही. पूर्वी निदान एकमेकांचे करार पाळायचा समझोता होता, तोही एनएचएलने मार्च 2022 मध्ये स्थगित केला. पोरगा घडवून रिकाम्या हाताने निरोप द्यायचा असेल तर प्रेमाने कोण खेळवेल?

नागपुरी_संत्रा

2022 वरून आठवलं, त्या युद्धाचं आणि रशियन खेळाडूंना खेळू द्यावं की नाही याचं काय मत आहे लोकांचं?

संपादक

त्यासाठी वेगळे धागे आहेत. इथे खेळापुरतंच ठेवा, प्लीज.

आकडेमोड

खेळापुरतंच सांगतो. फेब्रुवारी 2022 च्या शेवटी आंतरराष्ट्रीय महासंघाने रशिया आणि बेलारूसच्या संघांना बाहेर काढलं. देमिदोव तेव्हा सोळा वर्षांचा. 18 वर्षांखालील जागतिक स्पर्धा तो कधीच खेळला नाही. मिच्कोव सुटला, कारण त्याची स्पर्धा 2021 ला टेक्ससमध्ये झाली होती. तिथे सोळाव्या वर्षी 7 सामन्यांत 12 गोल आणि 16 गुण, अंतिम सामना कॅनडाकडून 5-3 हरले तरी सर्वोत्तम खेळाडू हाच. त्या दहा दिवसांत त्याचं नाव जगभर झालं.

देमिदोवला ती खिडकी मिळालीच नाही. स्काउट (खेळाडू हेरणाऱ्या) मंडळींनी त्याला बहुतांशी व्हिडिओवर पाहिला, तेही एमएचएलचे सामने, जिथे एसकेए-1946 समोर निम्मे संघ कच्चे लिंबू. साठ गुण खरे की समोरचे भोपळे, हे ठरवायचं कसं? पाचव्या क्रमांकापर्यंत घसरण्यामागे हेही असणार. मॉन्ट्रियलकडे निक बोब्रोव हे स्काउट होते, रशियन येणारे, त्यांचा फायदा झालाच असेल.

खानदेशी_भरीत

मी काप्रिझोवचा पंखा आहे, म्हणून मधे तोंड घालतो. तुम्ही सगळे एसकेएच्या चष्म्यातून बघताय. काप्रिझोव नोवोकुझनेत्स्कचा, तिकडे सायबेरियात. मेतालुर्ग नावाचा गरीब क्लब, केएचएलमध्ये कायम तळाला. पैसा नाही, मोठे खेळाडू येत नाहीत, मग सतरा वर्षांच्या पोराला खेळवण्यावाचून पर्याय काय? 2014-15 ला 31 सामने, पुढच्या वर्षी 53 सामने आणि 27 गुण. तोवर ड्राफ्टमध्ये त्याला विचारतंय कोण, पाचव्या फेरीत 135 वा! पुढे 2018 च्या ऑलिम्पिक अंतिम सामन्यात जर्मनीविरुद्ध जादा वेळेत सोनेरी गोल मारला आणि 2021 ला एनएचएलमधला सर्वोत्तम नवोदित ठरला.

मिच्कोवचंही तेच. एसकेएत बसला तेव्हा अडला, 2022 च्या डिसेंबरात सोचीला उसना दिला आणि फुलला. सोची तेव्हा लीगमधल्या सगळ्यात दुबळ्या संघांपैकी एक. रोज मार खायचा संघ, पण पोरगं रोज बर्फावर. म्हणून म्हणतो, श्रीमंत क्लबच्या ज्युनिअरमध्ये घडावं आणि गरीब क्लबच्या मोठ्या संघात खेळावं. देमिदोवला सोचीला पाठवलं असतं तर 49 चे साठ झाले असते.

मॉन्ट्रियलकर

+१. फक्त मधली पायरी विसरू नका. मिच्कोव दुखापतीतून परतला तेव्हा सोचीआधी एसकेए-नेवाकडून व्हीएचएलमध्ये 12 सामने खेळला, 10 गोल. व्हीएचएलमध्ये तिशीतले, दात पडलेले, पोटासाठी खेळणारे बाप्ये असतात. ज्युनिअरचं लाडावलेलं पोरगं तिथे एकदा कठड्यावर चिरडलं गेलं की डोकं ठिकाणावर येतं.

पर्मची_डॉक्टरीण

मग सरळ कॅनडाच्या ज्युनिअर लीगमध्ये का जात नाहीत? घरमालकीणबाईंचं तर तेच स्वप्न होतं.

खानदेशी_भरीत

जातात ना. निकिता कुचेरोव बघा. 2011 च्या 18 वर्षांखालील स्पर्धेत 7 सामन्यांत 21 गुण, तरी मॉस्कोच्या सीएसकेए क्लबात जागा होईना. 2012 ला क्वेबेकच्या ज्युनिअर लीगमध्ये गेला आणि 33 सामन्यांत 63 गुण. आंद्रेई स्वेच्निकोव बार्नाउलचा, सोळाव्या वर्षीच अमेरिकेला गेला, मग ओंटारियोत बॅरीकडून एक मोसम, आणि 2018 च्या ड्राफ्टमध्ये दुसरा. पण या वाटेने जाणाऱ्याला भाषा, जेवण, परकं घर, सगळं सोळाव्या वर्षी झेलावं लागतं. शिवाय कॅनडाच्या ज्युनिअर लीगांच्या 2022 च्या परदेशी निवडीतून रशियन-बेलारूसी पोरांना वगळलं, तेव्हा देमिदोवच्या वयाच्यांना नेमकी तीच वाट बंद झाली.

पेठकर_काका

म्हणजे पोरगा हुशार, आईबाप कर्जबाजारी, क्लब श्रीमंत, आणि बसायला बाक. सगळीकडे सारखंच म्हणायचं. पण हिमखंड, तुमच्या सगळ्या तक्रारीनंतर पोरगा एनएचएलला पोहोचलाच ना? मग वाया काय गेलं?

हिमखंड

काका, देमिदोवचं काहीच वाया गेलं नसेल कदाचित. पहिल्याच महिन्यात प्लेऑफला समोर वॉशिंग्टन, म्हणजे ओवेच्किन, ज्याने त्याच एप्रिलमध्ये ग्रेट्स्कीचा 894 गोलांचा विक्रम मोडला. मॉन्ट्रियल 4-1 हरलं, पण एकोणीस वर्षांचा पोरगा तिथे उभा राहिला.

माझा मुद्दा त्याच्या मागच्या पन्नास जणांचा आहे. एमएचएलमध्ये सामन्यामागे एक गुण काढणारं, म्हणजे चांगलंच पण देमिदोव नसलेलं पोरगं. ते श्रीमंत क्लबमध्ये अठराव्या वर्षी वर जातं, तीन शिफ्टवर वर्ष काढतं, पुन्हा खाली येतं, एकविसाव्या वर्षी ज्युनिअरच्या वयाबाहेर जातं आणि व्हीएचएलच्या एखाद्या गावात हरवतं. त्याच्याकडे विक्रम मोडण्याइतकी प्रतिभा नाही, पण नीट खेळवलं तर दहा वर्षं केएचएल खेळण्याइतकी नक्की आहे.

मॉन्ट्रियलकर

यावर उतारा आता एसकेएतच बघायला मिळणार बहुतेक. 2025 च्या उन्हाळ्यात रोटेनबर्गच्या जागी इगोर लारिओनोव आले. तरुणांना ज्यांची पाठराखण मिळते असा माणूस. 1988 मध्ये 'ओगोन्योक' साप्ताहिकात सोव्हिएत संघाचा प्रशिक्षक तिखोनोवला उघड पत्र लिहून वर्षातले दहा-दहा महिने छावणीत कोंडण्याबद्दल जाब विचारला होता त्यांनी, तेही स्वतः त्याच्याच हाताखाली खेळत असताना.

आकडेमोड

पत्र लिहिणं वेगळं आणि तीन सामने ओळीने हरल्यावर अठरा वर्षांच्या पोराला तिसऱ्या सत्रात उतरवणं वेगळं. एसकेएत हरण्याची मुभा नसते.

हिमखंड

म्हणून तर मोसमभर एक तक्ता ठेवणार आहे: एसकेए-1946 मधून कोण वर आलं आणि प्रत्येक सामन्यात किती मिनिटं मिळाली. केएचएलच्या संकेतस्थळावर प्रत्येक सामन्याखाली खेळाडूनिहाय वेळ दिलेली असते. आकडेमोड, तुम्ही सामन्यामागचे गुण धरा, मी मिनिटं धरतो. नाताळच्या सुमारास इथेच टाकू.

आकडेमोड

चालेल. पॉवर प्लेची मिनिटं वेगळ्या रकान्यात लिहा, नाहीतर पुन्हा भांडण.